शपथेचा धनी कोण?

न्यायालयात आणि विधिमंडळात घेतल्या जाणाऱ्या शपथांना आज काही अर्थ उरला आहे का, या विषयावर अलीकडे एका अभ्यासवर्गात चर्चा झाली. बोलता बोलता एकाने मध्ययुगीन हिब्रू वाङ्मयातली, ‘येरुशलमकराची गोष्ट’ म्हणून ओळखली जाणारी कथा सांगितली. मरणाच्या दारी असलेला एक श्रीमंत व्यापारी आपल्या मुलाकडून शपथ घेतो की तो कधीही समुद्रप्रवास करणार नाही. बाप गेल्यावर परदेशात राहिलेल्या मालमत्तेच्या लोभाने मुलगा जहाजावर चढतो, जहाज फुटते आणि तो एकटाच पिशाच्चांच्या राज्यात जाऊन पडतो. तिथला राजा अश्मदाय त्याला आश्रय देतो आणि पुढे आपली मुलगीही देतो. त्यांना मूल होते. तरीही त्याचे मन घराकडे ओढ घेते, तेव्हा वर्षभराने परत येण्याची शपथ बायकोला देऊन तो निघतो आणि घरी पोहोचल्यावर ती शपथही मोडतो. शेवटी ती पिशाच्चकन्या त्याच्या गावी येते, सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, उभी राहून न्याय मागते, तो काही केल्या ऐकत नाही असे दिसल्यावर निरोपाचे एक चुंबन मागते, आणि त्या चुंबनातच त्याचा प्राण घेते.

गोष्ट संपली आणि वर्गाचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की शपथ मोडणाऱ्याला असाच धाक हवा. देवाचे भय गेले आणि त्याबरोबर शब्दाची किंमतही गेली. दुसऱ्या तटाला हा सगळा सूडाचा आणि भुताखेतांचा व्यवहार वाटला. भयावर उभी राहिलेली नीती ही नीतीच नव्हे, आणि खोटे बोलणाऱ्यासाठी कायद्यात शिक्षा असताना शपथेचा विधी ठेवायचा कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या, आणि मला राहून राहून वाटत होते की दोघांनीही गोष्ट अर्धीच ऐकली आहे. शपथ मोडणारा आणि त्याला शिक्षा करणारी शक्ती, एवढीच दोन पात्रे दोघांना दिसत होती. ज्या बाईला शपथ दिली होती, ती या चर्चेत शिक्षेचे हत्यार होऊन राहिली. वास्तविक ती सैन्य घेऊन आलेली असते, पण ते गावाबाहेर थांबवून एखाद्या फिर्यादीसारखी सभेपुढे उभी राहते आणि म्हणते की या माणसाने मला शब्द दिला आहे. ती पिशाच्चकुळातली आहे म्हणून तिची फिर्याद ऐकू नये, असे त्या सभास्थानात कोणी म्हणत नाही. या कथेतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच आहे. भयकथा म्हणून ती वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकी तीच सुटते.

माझे म्हणणे असे आहे की यहुदी परंपरेतल्या शपथभंगाच्या कथा देव किती कडक आहे हे सांगण्यासाठी रचलेल्या नाहीत. शपथेवर मालकी कोणाची, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यांचे उत्तर जवळजवळ सर्वत्र एकच आहे: शपथ उच्चारणाऱ्याची राहत नाही, ती ज्याला दिली त्याची होते. घेणारा माणूस ती परत घेऊ शकत नाही, सोयीनुसार तिचा अर्थ लावू शकत नाही, आणि देवाला मध्ये घालून तिच्यातून सुटूही शकत नाही. हे सूत्र हातात धरले की या कथांमधल्या बऱ्याच विसंगती आपोआप उलगडतात.

मुंगूस आणि विहीर यांची कथा घ्या. (मूळ हिब्रू शब्दाचा नेमका प्राणी कोणता, याबद्दल मतभेद आहेत, मराठी वाचकाने मुंगसासारखे एखादे चपळ जनावर डोळ्यांसमोर आणावे.) एक मुलगी माहेरची वाट चुकते, तहानेने व्याकूळ होऊन दोराच्या आधाराने विहिरीत उतरते आणि तिला वर येता येत नाही. वाटेने जाणारा एक तरुण तिला बाहेर काढतो, दोघे लग्नाच्या आणाभाका घेतात, आणि साक्षीला माणूस नाही म्हणून समोरून पळत गेलेले मुंगूस आणि ती विहीर यांनाच साक्षी ठेवतात. तरुण आपल्या गावी जातो, कामाधंद्यात रमतो, दुसरीशी लग्न करतो. मुलगी मात्र आलेली प्रत्येक मागणी नाकारते, आणि लोक ऐकेनात तेव्हा वेडाचे सोंग घेऊन अंगावरचे कपडे फाडू लागते. इकडे तरुणाचे पहिले मूल मुंगसाच्या चाव्याने मरते आणि दुसरे विहिरीत पडून. ही कथा अकराव्या शतकातले फ्रान्सचे महान भाष्यकार राशी यांनी थोडक्यात आणि रोमच्या नाथान बेन येहिएल यांनी आपल्या ‘अरूख’ या कोशात विस्ताराने दिली आहे. पण तलमुदात, म्हणजे यहुदी पंडितांच्या धर्मशास्त्रीय चर्चांच्या ग्रंथात, तआनीत या प्रकरणात तिचा केवळ ओझरता उल्लेख येतो. श्रद्धावान माणसांची थोरवी पाहा, असे म्हणून रब्बी अमी मुंगूस आणि विहीर यांचा दाखला देतात: त्या दोघांवर विश्वास ठेवणाऱ्याचे जर असे होते, तर जगाच्या स्वामीवर विश्वास ठेवणाऱ्याचे किती होईल! शिक्षा कशी झाली हे तिथे सांगितलेलेच नाही. तलमुदाला त्या कथेतून उचलावेसे वाटले ते विश्वास ठेवणाऱ्या मुलीचे धैर्य. आपण मात्र गोष्ट ऐकून मुंगसाचे दात तेवढे लक्षात ठेवतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जड आक्षेप पुढे घेतला पाहिजे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शब्द मोडला बापाने, आणि मेली मुले. त्या दोन बाळांचा काय गुन्हा? त्यांच्या आईचा तरी काय? तिने कोणाला कसलीही शपथ दिली नव्हती. हाच आक्षेप बायबलमधल्या एका अधिक भयंकर प्रसंगाला लागू पडतो. मोशेनंतर इस्राएलाचा नेता झालेल्या यहोशवाच्या काळी गिबोनच्या लोकांनी फाटकी पायताणे, ठिगळांचे बुधले आणि बुरसटलेल्या भाकऱ्या दाखवून आपण फार दूरच्या देशातून आलो आहोत अशी बतावणी केली आणि इस्राएलाकडून अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांनी लबाडी उघडकीस आली, तरी शपथ पाळली गेली. गिबोनी लाकूडतोडे आणि पाणके होऊन राहिले. पुढे इस्राएलाच्या शौल राजाने त्यांच्यावर हात टाकला. तो मेल्यानंतर, दावीदाच्या राज्यात, सलग तीन वर्षे दुष्काळ पडला आणि त्याचे कारण म्हणून शौलाचा हा अपराध सांगितला गेला. गिबोन्यांनी सोनेनाणे नाकारले आणि शौलाच्या घराण्यातले सात पुरुष मागितले. सातांना डोंगरावर फाशी दिले गेले. शपथ मोडणारा शौल मात्र केव्हाच मरून गेला होता.

हे समर्थनीय आहे का? मला ते समर्थनीय वाटत नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे तलमुदातल्या पंडितांनाही ते सहज पचले नव्हते. बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असताना हे कसे झाले, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. रब्बी योहानान यांचे उत्तर असे की चारचौघांत देवाच्या नावाला काळिमा लागण्यापेक्षा धर्मग्रंथातले एक अक्षर उपटले गेलेले बरे. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण त्याच चर्चेतला पुढचा भाग पाहा. वाटेने जाणारे परके लोक विचारतात, हे लटकणारे कोण? राजपुत्र. यांनी काय केले? आश्रयाला आलेल्या परक्यांवर हात टाकला. तेव्हा ते लोक म्हणतात की जिथे लाकूडतोड्या परक्यासाठी राजघराण्याला जाब द्यावा लागतो, त्या लोकांत सामील व्हावे. सत्ताधारी घराण्याने दुबळ्याला दिलेला शब्द मोडला तर तो हिशोब पिढ्या उलटल्या तरी मिटत नाही, हे सांगण्यासाठी त्या काळच्या कल्पनाशक्तीकडे जी भाषा होती, ती तिने वापरली. आणखी एक बारकावा असा की शौलाने गिबोन्यांची कत्तल केल्याचा प्रसंग बायबलमध्ये कुठेच रंगवलेला नाही. त्याने त्यांना मारले कुठे, असे विचारून तलमूद उत्तर देते की शौलाने नोब या याजकांच्या गावाचा संहार केला, ते याजक गिबोन्यांना अन्नपाणी पुरवत असत, म्हणून त्यांची उपजीविका तोडणे हे त्यांना मारण्यासारखेच धरले गेले. शपथ अक्षरशः मोडली नव्हती, असा बचाव शौलाच्या वकिलाने सहज केला असता. पण परिणाम मोजला गेला तो गिबोन्याच्या चुलीपाशी.

आणि त्या सात मृतदेहांच्या खाली बसलेली रिस्पा विसरता येत नाही. शौलाच्या या उपपत्नीचे दोन मुलगे त्या सातांत होते. जवाच्या कापणीच्या सुरुवातीपासून आकाशातून पाणी पडेपर्यंत ती खडकावर तरट अंथरून बसली आणि दिवसा पाखरांना, रात्री रानातल्या जनावरांना तिने प्रेतांजवळ येऊ दिले नाही. फाशी दिलेल्याचे प्रेत रात्रभर टांगून ठेवू नये, असा नियम ज्या धर्मशास्त्रात आहे, त्याच्याच समोर एक आई अशी बसून राहिली. तिची हकीकत ऐकून दावीद राजा हलला. त्याने शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, या सातांच्या अस्थी गोळा करवल्या आणि सर्वांचे नीट दफन झाले. आणि देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली, हे वाक्य मूळ कथेत येते ते या दफनानंतर. कथेने हा क्रम ठेवला, याला माझ्या लेखी फार मोठा अर्थ आहे. निरपराधांच्या मरणाविरुद्धचा आक्षेप आपण आधुनिक लोकांनी बाहेरून आणून घातलेला नाही. कथेच्या आतच तो तरट अंथरून बसलेला आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो, आणि इतिहासात त्याची फार मोठी किंमत यहुद्यांनी मोजली आहे. शपथ एवढी अभंग असेल, तर याच परंपरेत शपथांतून मुक्त करण्याचा विधी कसा? प्रायश्चित्ताच्या दिवसाची, योम किप्पूरची, सुरुवात ज्या ‘कोल निद्रे’ या अरामी घोषणेने होते, तिच्यात नवस आणि शपथा रद्दबातल ठरवल्या जातात, ते कसे? इ.स. १२४० मध्ये पॅरिसमध्ये तलमुदावर जो जाहीर खटला चालला, त्यात यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या निकोलस डोनिनने हाच मुद्दा यहुद्यांविरुद्ध वापरला. युरोपात यहुदी साक्षीदाराला न्यायालयात वेगळी, अपमानास्पद शपथ घ्यावी लागे; काही जर्मन प्रदेशांत त्याला डुकराच्या कातड्यावर उभे केले जाई. फ्रान्समध्ये ही वेगळी शपथ १८४६ पर्यंत टिकून होती. ज्यांच्या कथांत शब्द मोडणाऱ्याच्या घराचे दगड आणि लाकडेही जळून जातात, त्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून हा प्रकार चालला होता. यापेक्षा उफराटा न्याय कोणता?

पण आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. मुक्तीचा विधी आहे, हे खरे आहे. त्याचा आधार कच्चा आहे, हेही त्या परंपरेने लपवलेले नाही. नवसांची सोडवणूक हवेत उडते, तिला टेकायला काही नाही, असे मिश्ना, म्हणजे तलमुदाचा पाया असलेली नियमसंहिताच, स्पष्ट म्हणते. नवव्या शतकातले बाबिलोनियाचे गाओन (धर्मपीठाचे प्रमुख) अम्राम यांनी कोल निद्रेच्या प्रथेला मूर्खपणाची म्हटले होते. तरीही ती टिकली, कारण माणसे भावनेच्या भरात स्वतःवर नको ती बंधने लादून घेतात आणि त्यांना श्वास घेण्यासाठी एखादी खिडकी लागते. मात्र ती खिडकी उघडते ती माणूस आणि देव यांच्यामधल्या शब्दापुरती. शेजाऱ्याला दिलेल्या शब्दाशी तिचा संबंध नाही. माणसामाणसांतले अपराध योम किप्पूरने धुतले जात नाहीत, ज्याचा अपराध केला त्याची समजूत काढावी लागते, असे मिश्नाच्या योमा या प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे.

हे फक्त नियमात सांगून भागले नसते, म्हणून एक कथा आली. ती सिद्कीया राजाची. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यहुदाच्या गादीवर बसवलेला हा शेवटचा राजा एकदा सम्राटाला जिवंत ससा खाताना पाहतो. लाजेने सम्राट त्याच्याकडून शपथ घेतो की हे कोणाला सांगायचे नाही. पुढे ते गुपित सिद्कीयाच्या पोटात राहीना. तो पंडितांकडे गेला, त्यांनी त्याला शपथेतून मोकळे केले, आणि त्याने ते सांगून टाकले. सम्राटाच्या कानावर गोष्ट गेली. त्याने पंडितांना बोलावून धर्मशास्त्र समजावून सांगायला लावले आणि शपथा सोडवण्याच्या कलमापाशी येऊन विचारले, ज्याला शपथ दिली तो समोर नसताना ती सोडवता येते का? ‘समोर असतानाच,’ त्यांना कबूल करावे लागले. ‘मग तुम्ही काय केलेत?’ तत्क्षणी ते गाद्यांवरून उतरून जमिनीवर बसले. बायबलमधल्या विलापगीतावरच्या मिद्राशात, म्हणजे कथारूप भाष्यात, पुढे येते की त्यांचे केस घोड्यांच्या शेपटांना बांधून त्यांना येरुशलमपासून लोदपर्यंत फरफटत नेले. इतिहासातल्या सिद्कीयाचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे: इ.स.पू. ५८६ च्या सुमारास येरुशलम पडले, त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढले गेले.

या कथेत नबुखद्नेस्सर कोण आहे, हे क्षणभर लक्षात घ्या. ज्याने देवाचे मंदिर जाळले, तो परका, मूर्तिपूजक, क्रूर विजेता. जित लोकांनी रचलेल्या कथेत त्याच्या तोंडी सत्य घातलेले आहे, आणि खाली माना घालून बसलेले आहेत स्वतःचे धर्मगुरू! यहेज्केल संदेष्टाही सिद्कीयाने बाबिलोनला दिलेल्या शपथेबद्दल बोलताना देवाच्या तोंडून ‘माझी शपथ’ असेच म्हणवतो. शत्रूला दिलेला शब्दसुद्धा शत्रूच्या मालकीचा होतो. एखाद्या पराभूत समाजाने आपल्या पराभवाचे कारण असे शोधावे, याला जगाच्या वाङ्मयात फारशी जोड सापडेल असे मला वाटत नाही. याचा अर्थ बळजबरीने घेतलेली प्रत्येक शपथ या परंपरेने बंधनकारक मानली असा मात्र नाही. खुनी, दरोडेखोर आणि लुबाडणारे जकातदार यांच्यापुढे खोटा नवस उच्चारून आपला माल वाचवायला मिश्ना परवानगी देते. गिबोन्यांची शपथ फसवणुकीने मिळवलेली असल्यामुळे ती मुळात लागूच झाली नव्हती, असेही बहुसंख्य पंडितांचे मत नोंदवलेले आहे. ती पाळली गेली ती देवाच्या नावाची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून. म्हणजे सूट होती. पण ती स्वतःच्या सोयीने, समोरच्याच्या पाठीमागे घ्यायची नव्हती.

‘वाट्टेल ते झाले तरी शब्द पाळा’ असा या कथांचा संदेश समजणाऱ्या पहिल्या तटाने बायबलमधली इफ्ताहाची कथा वाचावी. लढाई जिंकून परतलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिले बाहेर येईल ते अर्पण करीन, असा नवस या सेनापतीने केला, आणि डफ वाजवत, नाचत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. मी देवाला शब्द दिला आहे, मला मागे फिरता येत नाही, असे तो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. या पाळण्याबद्दल मिद्राशाने त्याची पाठ थोपटली का? मुळीच नाही. दारातून कुत्रा किंवा उंट आला असता तर तो वाहिला असतास का, असा प्रश्न पंडितांनी त्याला केला. रब्बी योहानान म्हणाले की फार तर तिच्या मोलाइतके धन द्यावे लागले असते. रेश लाकिश म्हणाले की तेही लागले नसते. प्रमुख याजक फिनहास जिवंत होता, तो नवस सोडवू शकला असता. पण फिनहास म्हणाला, गरज त्याला आहे, मी अडाण्याच्या दारी कसा जाऊ? आणि इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाचा सेनाधिपती, मी त्याच्याकडे कशाला जाऊ? सुईण आणि बाळंतीण यांच्या भांडणात बिचारीचे मूल गेले, अशी म्हण तिथे दिली आहे. दोघांनाही शिक्षा झाली. इफ्ताहाचे अवयव एकेक करून गळून पडले आणि ते वेगवेगळ्या गावी पुरले गेले, फिनहासावरून देवाचा आत्मा निघून गेला. नवस मोडला म्हणून जितकी भयंकर शिक्षा होते, तितकीच इथे नवस पाळला म्हणून झाली आहे. देवाचा धाक एवढेच सूत्र धरले तर ही कथा कोड्यासारखी राहते. मालकीचे सूत्र धरले तर ती सरळ आहे: मुलीचा जीव इफ्ताहाच्या मालकीचा नव्हता, म्हणून तो त्याच्या शब्दात बांधला जाऊच शकत नव्हता.

मराठी माणसाला इथे भीष्म आठवल्यावाचून राहणार नाही, कारण आपल्या भाषेत अढळ निश्चयाला त्याचेच नाव आहे. त्याची प्रतिज्ञा सत्यवतीच्या बापाला दिलेली होती आणि तिच्या मुलांच्या हितासाठी होती. ती मुले निपुत्रिक वारली, आणि स्वतः सत्यवतीने त्याला प्रतिज्ञा सोडायला सांगितले, तरी त्याने सोडली नाही. ज्याच्या हितासाठी शब्द दिला, त्याच्याच विनंतीनंतरही तो पाळत राहणे, हे आपण शतकानुशतके थोरपण मानत आलो. तलमुदातल्या पंडितांनी भीष्माला विचारले असते की बाबा, आता ही प्रतिज्ञा कोणाची उरली आहे? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, आणि तो आपल्या परंपरेला विचारण्यात तिचा अनादर आहे असे मला वाटत नाही.

राहिला भयाचा मुद्दा. धाकाने माणसे खरे बोलतात, ही पहिल्या तटाची श्रद्धा, आणि यहुदी कथा धाकावरच उभ्या आहेत, हा दुसऱ्या तटाचा आरोप. धाक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. सीनाय पर्वतावर ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको’ ही आज्ञा उच्चारली गेली तेव्हा सारे जग थरथरले, असे न्यायालयाने शपथ घेणाऱ्याला बजावायचे असते. अग्नी आणि पाणी ज्याचा नाश करू शकत नाहीत, त्याचाही नाश खोटी शपथ करते, असेही सांगितले जाते. पण हा धाक कोणाला लागतो, हे त्या पंडितांनी अनुभवातून पाहिले आणि एका कथेत ठेवले. दुष्काळाच्या वर्षी एका माणसाने सोन्याचा एक दीनार एका विधवेजवळ ठेवायला दिला. तिने तो पिठाच्या भांड्यात ठेवला, नकळत तो भाकरीत भाजला गेला, आणि ती भाकरी तिने एका भिकाऱ्याला दिली. मालक आला तेव्हा ती म्हणाली, तुझ्या दीनाराचा मी काही उपभोग घेतला असेल तर माझ्या एका मुलाला विषाची बाधा होवो. थोड्याच दिवसांत तिचा एक मुलगा मेला. ती तर खरेच बोलत होती! पंडितांनी कारण शोधले: भाकरीत त्या नाण्याने व्यापलेल्या जागेइतके पीठ तिचे वाचले होते, तेवढा उपभोग झाला.

हे वाचून दुसऱ्या तटाचा माणूस म्हणेल, पाहा, हा क्रूरपणाचा कळस आहे. पण या कथेचा निष्कर्ष काय काढला गेला, ते पाहिले पाहिजे. खरे बोलणाऱ्या बाईचे असे होत असेल तर, म्हणून न्यायालयांनी विधवांना शपथ घालणे बंद केले, आणि त्यांचे हक्काचे पैसे त्यांना मिळावेत यासाठी थोरल्या रब्बान गमलीएलांनी दुसरी सोय करून दिली. प्रामाणिक आणि भित्री बाई शपथेच्या भयाने आपला हक्क सोडून देते, आणि निर्ढावलेला माणूस सहज शपथ घेऊन मोकळा होतो, ही धाकाच्या राजवटीची खरी फलश्रुती आहे. ती ज्यांनी धाक घातला त्यांनीच ओळखली. अपराधी असा वा निरपराध, शपथेच्या वाटेला जाऊ नका, अशी म्हणच त्यांच्यात पडली. आणि निर्ढावलेला माणूस कसा वागतो, याची कथाही त्यांनीच दिली. एका ऋणकोने पोकळ काठीत पैसे भरले, शपथ घेताना ती काठी क्षणभर धरण्यासाठी धनकोच्याच हातात दिली आणि ‘मी याचे पैसे याच्या हातात दिले आहेत’ अशी अक्षरशः खरी शपथ घेतली. धनकोने संतापून काठी आपटली, ती मोडली आणि नाणी घरंगळत बाहेर आली. तेव्हापासून न्यायालय बजावू लागले की शपथ तुझ्या मनातल्या अर्थाने घेतली जात नाही, आमच्या आणि देवाच्या अर्थाने घेतली जाते. इथेही तीच मालकी आहे. अर्थ ऐकणाऱ्याचा.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही असेही नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने ही परंपरा मराठीत शतकानुशतके जगली आहे. योम किप्पूरला ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत, आणि एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, बोललेला नवस पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांच्या मलिद्याने फेडत. नवस ‘फेडायचा’ असतो, हा आपल्या भाषेचा शब्दच बोलका आहे. फेडायचे ते देणेकऱ्याने, आणि फिटले की नाही ते ठरवायचे घेणेकऱ्याने.

म्हणून त्या अभ्यासवर्गातला वाद मला चुकीच्या जागी चाललेला वाटला. आपल्या संविधानाने ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन हे दोन्ही पर्याय सारखेच मानले आहेत, आणि १९६९ च्या शपथविषयक कायद्याने साक्षीदारालाही ती निवड दिली आहे. देवाचे नाव घेतले की नाही, यावर शब्दाचे वजन ठरत नाही, हे कायद्याने कधीच मान्य केले. मग आपण अजून देवाच्या भयाभोवतीच का फिरतो? मंत्री राज्यपालांसमोर शपथ घेतो म्हणून ती राज्यपालांना दिलेली असते काय? तिच्यात सर्व प्रकारच्या लोकांना निर्भयपणे आणि निःपक्षपातीपणे न्याय देण्याचा शब्द आहे. ती त्या लोकांची आहे. तो शब्द मोडला गेल्यावर मोडणारा विवेकाचा कौल, बदललेली परिस्थिती, व्यापक हित अशी कारणे सांगतो, आणि त्याचे समर्थक त्याला सिद्कीयाच्या पंडितांसारखे परस्पर मोकळे करून टाकतात. ज्यांना शब्द दिला होता ते तेव्हा कुठे असतात? त्यांना कोणी विचारले? आपली चर्चा या प्रश्नापासून सुरू झाली, तर शपथ ठेवावी की काढावी या वादाला काही पाया मिळेल. दृढकथन करणाऱ्या नास्तिकालाही हा प्रश्न तितकाच लागू आहे आणि ईश्वरसाक्ष शपथ घेणाऱ्या भाविकालाही.

मुंगूस आणि विहिरीची कथा मी मघाशी अर्धीच सांगितली. दोन मुले गेल्यावर त्या माणसाची बायको त्याला म्हणते, मुले इतरांसारखी आजाराने गेली असती तर मी देवाचा निवाडा म्हणून सोसले असते, पण या असल्या मरणामागे काहीतरी आहे, ते मला सांग. तो सांगतो. ती त्याच्याशी भांडत नाही. जिचा तू आहेस तिच्याकडे जा, असे म्हणून काडीमोड घेते. तो त्या गावी जातो तेव्हा मुलीच्या बापाला तिच्या वेडाची कल्पना देऊन ठेवावी लागते, कारण आलेल्या प्रत्येकावर ती अशीच धावून जाते. त्याच्यावरही ती धावून जाते, कपडे फाडते. मुलांच्या मरणाने शपथ फिटलेली नव्हती. कोणा पंडिताने ती सोडवलेली नव्हती. तिच्यासमोर उभे राहून तो एवढेच म्हणतो, मुंगूस आणि विहीर. ती थांबते, आणि म्हणते, मीही माझा शब्द राखला आहे.